पाचवी 'ब'ची हवा

माझी मुलगी वर्गात झोपते, ही बातमी मला शाळेच्या डायरीतून कळली. वर्गशिक्षिका बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, "चौथ्या तासाला झोपते. डोके दुखते म्हणते. पालकांनी लक्ष द्यावे." त्या शेवटच्या वाक्याने माझा सगळा दिवस नासला. मी लक्ष देत नाही असा त्याचा अर्थ होत होता, आणि लक्ष देण्यावाचून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी रोज अर्ध्या जिन्यावरून परत येतो. मुलगी शिंकली तर मी आधी थर्मामीटर शोधतो आणि मग रुमाल.

"लवकर झोपवत जाऊ तिला," असं म्हणून बायकोने विषय संपवला. माझा तिथेच सुरू झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा मी जास्तच घाबरलो. चष्म्यावर भागलं असतं तर किती बरं झालं असतं. मग मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझं सगळं म्हणणं ऐकून घेत होते, पण बघत होते मुलीकडे.

"रविवारी दुखतं का गं डोकं?"

"नाही."

"सुट्टीत?"

"नाही."

"मग शाळेत काय आहे ते बघा," डॉक्टर मला म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला गणिताचा संशय आला. चौथा तास गणिताचा होता, आणि त्या वयात गणिताने मलाही गुंगी यायची. पण घरी येताना लेक म्हणाली, "बाबा, मी एकटीच नाही झोपत. चौथ्या तासाला सगळेच जांभया देतात. बाईसुद्धा देतात, पण वहीमागे. आणि माझ्या शेजारची आहे ना, ती खोकत बसते. तिच्याकडे पंप आहे, दम्याचा."

हे ऐकून मी रस्त्यातच थांबलो. एका मुलीचं डोकं दुखणं ही घरगुती बाब झाली. अख्खा वर्ग पेंगतो म्हणजे प्रकरण मोठं होतं, आणि मोठ्या प्रकरणांना मी लहानपणापासून भितो.

बायकोचा भाऊ एसी दुरुस्तीची कामं करतो. घरात काहीही झालं तरी तो आधी हसतो आणि मग पाना काढतो. त्याला मी सगळं सांगितलं, तर या वेळी तो हसला नाही.

"वर्गात एसी आहे का?"

"आहे. दोन वर्षांपूर्वी बसवलाय. पाचवी 'ब' हा शाळेतला एकमेव थंड वर्ग आहे."

"आणि खिडक्या?"

"बंद असतात. एसी आहे म्हटल्यावर..."

"भावजी, एसी आतलीच हवा थंड करून परत आत सोडतो. बाहेरची नवी हवा तो आणत नाही. किती मुलं आहेत?"

"सेहेचाळीस."

त्याने पिशवीतून काडेपेटीहून थोडं मोठं, पांढरं यंत्र काढलं. आपण श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो खोलीत किती साठलाय, हे ते आकड्यात दाखवायचं. मोकळ्या हवेत चारशेच्या आसपास. हजाराच्या पुढे गेलं तर खोली कोंदट. दोन हजाराच्या पुढे गेलं की ते टीं टीं करायचं.

पुढचे चार दिवस मी घरादाराची हवा मोजली. गॅलरी चारशे तीस. बैठकीची खोली सातशे. बंद दारामागे माझी झोपायची खोली पहाटे अठराशे, म्हणजे इतकी वर्षं सकाळी माझं जे डोकं जड असायचं त्याचं खापर मी उगीच ऑफिसवर फोडत होतो. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते भेटले. त्यांनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ते पहिल्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले. पाचव्या दिवशी बायकोने यंत्राला उशीखाली जागा नाकारली, तेव्हा ते शाळेत पाठवायची वेळ झाली असं मी ठरवलं.

इथे माझी चूक झाली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. रीतसर परवानगी मागायला हवी होती. पण परवानगी मागितली की नाही म्हणतील, ही भीती मला जास्त. म्हणून मी यंत्र मुलीच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं आणि तिला सांगितलं की कुणाला काही बोलू नकोस. तिसऱ्या तासाच्या मध्यावर ते टीं टीं करू लागलं. सेहेचाळीस मुलांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी शांतपणे मुलांना रांगेने मैदानात नेलं, पहारेकऱ्याने चिमट्याने यंत्र उचललं आणि अंगणातल्या आग विझवायच्या वाळूच्या बादलीत पुरलं. शाळेचा फोन आल्यावर मी धावतपळत पोचलो तेव्हा सगळी शाळा त्या बादलीपासून लांब अर्धवर्तुळ करून उभी होती. वाळू झटकून मी यंत्र वर काढलं. आकडा होता चारशे दहा. त्या दिवशी शाळेच्या आवारातली सर्वांत चांगली हवा माझ्या यंत्राने खाल्ली होती.

लेक माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तू आता शाळेत येऊ नकोस."

मुख्याध्यापिकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक प्रमाणपत्र समोर ठेवलं. "आमच्या वर्गांची तपासणी झालेली आहे. वायुवीजन समाधानकारक, असं स्पष्ट लिहिलंय."

मी तारीख बघितली. "मॅडम, ही तर उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीख आहे. तेव्हा वर्गात कोणी नव्हतं."

"म्हणूनच तपासणी शांतपणे करता आली," त्या म्हणाल्या.

"निदान मैदानाकडच्या दोन खिडक्या उघडल्या तर?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या खिडक्या स्क्रूने कायमच्या बंद केल्यात. एसी आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांनी दिलाय, आणि खिडक्याही त्यांनीच बंद करून घेतल्यात. त्यांची संमती आणि इमारत देखभाल कार्यालयाची परवानगी, दोन्ही आणलीत तर माझं काहीच म्हणणं नाही."

अध्यक्षांचं फरशांचं मोठं दुकान. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून. त्यांना भेटायचं धैर्य मला होईना, म्हणून मी आधी कार्यालयात गेलो. तिथले कारकून मात्र फार सौम्य गृहस्थ निघाले. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"खिडकीत बिघाड काय आहे?"

"ती उघडत नाही."

"बंद राहते?"

"हो."

"पक्की बंद राहते?"

"अगदी पक्की."

"मग ती सुस्थितीत आहे. आमच्याकडे नादुरुस्त खिडकीचा अर्ज आहे. सुस्थितीतल्या खिडकीचा नाही." त्यांना माझी खरोखर दया आलेली दिसली. इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "काच फुटली असती तर आठवड्यात माणूस पाठवला असता हो."

मी कार्यालयातून बाहेर पडलो. वाटेत पडलेले दगड माझ्या नजरेत भरू लागले, हे सांगायला मला लाज वाटते. त्यातला एक मी उचललाही होता. पण माझा नेम लक्षात घेता तो मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला असता.

एव्हाना आमच्या इमारतीत बातमी पसरली होती. निवृत्त अभियंत्यांनी छपरावर उंच धुराडं बांधायचा नकाशा काढून दिला; त्यात वर्ग तळमजल्यावर दाखवला होता आणि वरचे दोन मजले गायब होते. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, झाडं लावा. झाडं हवा शुद्ध करतात, पाचवीच्याच पुस्तकात आहे." हे मला पटलं. कुंड्यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि झाडांनी आजवर माझा कधी अपमान केलेला नाही. बाईही नको म्हणाल्या नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि मेहुण्याने बावीस कुंड्या वर्गात नेऊन मांडल्या. मेहुणा दर फेरीला सांगत होता, "भावजी, एवढ्या मुलांना जंगल लागेल, कुंड्यांनी काही होणार नाही." मी ऐकलं नाही.

सोमवारी यंत्र, त्याचं टीं टीं बंद करून, बाईंच्या टेबलावर ठेवायची मुख्याध्यापिकांनी लेखी परवानगी दिली. आकडा सव्वीसशे. कुंड्या आणायच्या आधी कधी नीट मोजलंच नव्हतं, त्यामुळे सुधारणा झाली की बिघाड, हे कळायला मार्ग नव्हता. बुधवारी ओल्या मातीतून बारीक चिलटं निघाली आणि मुलांच्या नाकाशी घोंगावू लागली. गुरुवारी एका मुलीच्या कंपासपेटीत गोगलगाय सापडली. शुक्रवारी लेकीच्या शेजारची मुलगी इतकी खोकली की तिला घरी पाठवावं लागलं.

ते ऐकल्यापासून मला जेवण जाईना. डोकेदुखीचा शोध घेता घेता मी दुसऱ्याच्या लेकराचा दमा वाढवून बसलो होतो.

"तू एकदा स्वतः जाऊन बस तिथे," बायको म्हणाली. "यंत्र बघतोस, कुंड्या बघतोस. पोरं बसतात तसा बसून बघ."

म्हणून मी रजा टाकली आणि बाईंच्या परवानगीने पाचवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. माझ्या मुलीने पूर्ण वेळ मागे न बघण्याचा निश्चय केलेला तिच्या मानेवरून कळत होता. पहिल्या तासाला बाराशे. दुसऱ्या तासाला एकोणीसशे. मी वहीत नीट तक्ता आखला होता. तिसऱ्या तासाला चोवीसशे, आणि कपाळावर कुणीतरी घट्ट फडकं बांधल्यासारखं वाटू लागलं. चौथ्या तासाला बाई फळ्यावर अपूर्णांक लिहीत होत्या. दोन छेद तीन हे मला आठवतं.

त्यानंतरचं जे आठवतं ते म्हणजे हास्याचा मोठा स्फोट. मी घोरलो होतो. साधासुधा नाही, बाईंना शिकवणं थांबवावं लागलं इतका. वहीत शेवटचा आकडा अठ्ठावीसशे होता आणि त्यापुढे पेनाची एक लांब रेघ पानाबाहेर गेली होती. सगळा वर्ग हसत होता. माझी मुलगी हसत नव्हती. तिने डोकं बाकावर टेकवून दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

मुलं बाहेर गेल्यावर मी बाईंची माफी मागायला गेलो. आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो. पण बाई खुर्चीत बसून माझ्या तक्त्याकडेच बघत होत्या.

"मला दोन वर्षांपासून वाटतंय की माझं वय झालं," त्या म्हणाल्या. "दुपारी घसा बसतो, डोकं चढतं, मुलांवर चिडते. आधी मी अशी नव्हते. मी तुमच्या मुलीच्या डायरीत काय काय लिहिलं." त्यांनी वही मिटली. "तुम्ही मोठे, झोप झालेले गृहस्थ. तुम्हीही झोपलात. हे मी मुख्याध्यापिकांना सांगणार आहे."

अशा रीतीने माझं घोरणं हा अधिकृत पुरावा झाला. पण त्याआधीच अध्यक्षांनी शनिवारी संध्याकाळी पालकांची सभा बोलावली होती. विषय होता, "वर्गातील विनापरवाना कुंड्या व इतर त्रास." इतर त्रास म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

सभा पाचवी 'ब'मध्येच होती, दार लावून, एसी चालू ठेवून. मी सुरुवातीलाच उभं राहून कुंड्यांबद्दल माफी मागितली आणि एका मुलीला झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अध्यक्ष उठले.

"ती मुलगी माझी नात आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हे मला उचलून मैदानात फेकणार, आणि त्यात गैर काही नसेल.

"तिला धुळीचा त्रास आहे," अध्यक्ष म्हणाले. आता तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मैदानाची धूळ आत येऊ नये म्हणून मी या खिडक्या बंद करून घेतल्या. म्हणून एसी दिला. तिचं बाकसुद्धा खिडकीपासून सर्वांत लांब, त्या कपाटाशेजारी ठेवायला सांगितलं. तिसरीपासून हीच खोली, हीच मुलं, ह्याच बाई. दोन वर्षं मी जपतोय तिला. आणि तुम्ही येऊन माती आणून ठेवता."

तेवढ्यात मागून मेहुणा उभा राहिला. त्याला मी सभेला यायला नको म्हटलं होतं.

"साहेब, एसीचं पाणी कुठे जातं?"

"नळीने बाहेर."

"नळी त्या कपाटामागून गेलीय. मी कुंड्या ठेवतानाच बघितलं, खालची फरशी ओली होती. मला वाटलं, आमच्याच कुंड्यांचं पाणी सांडलं. कपाट जरा सरकवू का?"

कपाट मेहुणा, मी आणि दोन पालक मिळून सरकवलं. मागची भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी पडलेली होती. पोपडे आले होते आणि त्यांवर हिरवट काळी, लवेसारखी बुरशी चढली होती. वास असा आला की पुढच्या रांगेतल्यांनी पदर नाकाला लावले. नळीचा जोड निखळून पाणी भिंतीत मुरत होतं, किती महिने कुणास ठाऊक. आणि त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर एक छोटं बाक होतं. त्यावर खडूने नीट अक्षरात एका मुलीचा हजेरी क्रमांक लिहिलेला होता.

अध्यक्ष त्या बाकाजवळ गेले. त्यांनी भिंतीला बोट लावलं, बोट बघितलं आणि हळूच त्याच बाकावर बसले. एवढा मोठा माणूस त्या बाकावर मावत नव्हता.

"इथे मीच बसवलं तिला," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

त्या क्षणी माझी त्यांच्याबद्दलची सगळी भीती गेली. हा माणूस मी ओळखत होतो. हाही गॅस बघायला जिन्यावरून परत येणाराच होता.

मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "मी तुमच्या जागी असतो तर मी दारसुद्धा स्क्रूने बंद केलं असतं."

त्यांनी वर बघितलं. मग उठले आणि विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर आहे का कुणाकडे?"

मेहुण्याची हत्यारांची पिशवी नेमकी घरी राहिली होती. शाळेच्या भांडाराची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "देखभाल कार्यालयाची परवानगी..." आणि अध्यक्षांचा चेहरा बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. बाईंनी टेबलाच्या खणातून स्टीलच्या दोन पट्ट्या काढून दिल्या. एका खिडकीला मी लागलो, दुसरीला अध्यक्ष. एकेका खिडकीला आठ स्क्रू, त्यावर रंगाचे थर. पट्टी घसरत होती. माझ्या अंगठ्याला लागलं, त्यांच्या बाहीला भोक पडलं. पालक आधी बघत होते, मग सल्ले देऊ लागले, आणि सल्ले देणारे आले की काम होतंच, हा माझा अनुभव आहे. अर्ध्या तासाने दोन्ही खिडक्या करकरत उघडल्या आणि संध्याकाळची हवा आत आली. बाईंनी टेबलावरचं यंत्र हातात धरून आकडे वाचायला सुरुवात केली, चोवीसशे, अठराशे, तेराशे. आठशेला पोचेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्ग तात्पुरता ग्रंथालयात हलवला. भिंत खरवडून, वाळवून नव्याने गिलावा झाला, नळी बदलली, खिडक्यांना धुळीसाठी बारीक जाळ्या बसवल्या. कुंड्या मी आमच्या जिन्यात ठेवल्या, तिथे आता निवृत्त अभियंते त्यांना पाणी घालतात आणि माझ्याबरोबर परत लिफ्टमध्ये चढतात. देखभाल कार्यालयाची नोटीस आली, सुस्थितीतील खिडक्या कोणी उघडल्या. तिच्यावर खाली अध्यक्षांनी आणि मी दोघांनी सह्या केल्या. सौम्य कारकुनांनी ती फायलीला लावली. अशा उत्तराचं पुढे काय करायचं, याचाही अर्ज त्यांच्याकडे नव्हता.

लेकीचं डोकं दुखायचं थांबलं. गणितातले गुण तेवढेच राहिले, त्यामुळे गणिताची माझ्याकडून झालेली बदनामी मी मागे घेतो. अध्यक्षांची नात अजून पंप जवळ बाळगते. दमा काही जाळ्यांनी जात नाही. पण वर्गात तो तिला क्वचितच लागतो, असं लेक सांगते. माझ्याशी ती बोलू लागली आहे, मात्र घोरण्याच्या विषयावर आमच्यात कायमचा करार झाला आहे.

एवढं होऊनही मला चैन पडेना. खिडक्या उघड्या असतील ना, कुणी वाऱ्याने आपटतात म्हणून बंद केल्या तर नसतील ना, याचा घोर लागला. शेवटी एका बुधवारी मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत निघालो आणि मैदानाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. उन्हात डोळ्यांवर हात धरून बघत होतो, तर शेजारी कुणीतरी तसाच हात धरून उभं. अध्यक्ष होते.

"सहज आलो होतो," ते म्हणाले.

"मीही सहजच."

दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. आतून सेहेचाळीस मुलांचा गलका येत होता, म्हणजे चौथा तास असूनही कोणी झोपलेलं नव्हतं. आम्ही दोघेही कुंपणाला आणखी जवळ सरकलो. मग बाई खिडकीशी आल्या.

"तुम्हा दोघांमुळे मुलांचं लक्ष बाहेर जातंय," त्या म्हणाल्या. "निदान एकाने तरी जा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझी सुट्टी संपत आली होती, पण पाय निघेना. खिडकीवरची नजर न काढता अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही जा ऑफिसला. मी आहे इथे."

आणि मी गेलो. रस्ता ओलांडून कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकदाही मागे वळून बघितलेलं नाही.